उलटणाऱ्या गाईला मुळा-कोरफडीचा कोर्स आणि मेडिकलची हर्बल बाटली, दोन्हीचा रिव्ह्यू

भूम-परंड्याकडचे लई जण विचारूलालेत की व्याल्यानंतर गाय माजावर येत नसेल किंवा भरवली (रेतन केलं) तरी उलटत, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येत असेल तर हर्बल औषधानं खरंच फरक पडतो का, का नुसता पैसा जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या गोठ्यात एचएफ क्रॉस (होल्स्टीनच्या संकरित गाई) आहेत आणि एक देवणी, म्हणजे आपल्या देशी जातीची आहे, दूध खव्याच्या भट्टीला जातं, त्यामुळं गाय एकदा उलटली की पुढचे २१ दिवस फुकट, पेंड मात्र तेवढीच खाती.

आधी बाटलीचं सांगतो. एक्झापार, रिप्लांटा, इनव्होलॉन अशी नावं मेडिकलवर चालतात, ही सगळी गर्भाशय साफ करायची टॉनिकं, व्याल्यावर लगेच चालू करायची. माझ्या मते बाटलीचं खरं काम पहिल्या काही दिवसांतच आहे, जार (वार) पडायला आणि आतली घाण निघून जायला. तेवढ्यापुरती मी तिला चांगली म्हणतो, आमच्याकडं व्याल्यावर दिली की घाण लवकर मोकळी होती आणि गाय चाऱ्याला लवकर लागती. पण महिने उलटून गेल्यावर, गाय चारदा उलटल्यावर कुणी तीच बाटली हातात देत असेल तर घेऊ नका. माजावर आणायच्या गोळ्या-कॅप्सूल वेगळ्या असतात, प्रजना, जानोवा वगैरे, मेडिकलवाला कधीकधी दोन्हीची गल्लत करतो आणि पैसे आपले जातात.

आणि पाजताना गाईचं तोंड लई वर करू नका, जीभ ओढून धरू नका, औषध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो आणि गाय हातची जाती. गुळात किंवा भरड्यात कालवून खात असेल तर तेच बरं.

आता मुळा-कोरफडीचा कोर्स, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. हा फॉर्म्युला एनडीडीबीनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं शेतकऱ्यांसाठी दिलेला आहे, कुणा बुवाचा नाही. गाय माजावर आली की पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी चालू करायचा. रोज एक पांढरा मुळा ५ दिवस, मग कोरफडीचं एक पान रोज ४ दिवस, मग शेवग्याचा पाला चार मुठी ४ दिवस, मग कांडवेल (हाडजोडीचा वेल) चार मुठी ४ दिवस, शेवटी कढीपत्ता चार मुठी हळद घालून ४ दिवस. सगळं ताजं, दिवसातून एकदा, गूळ आणि मीठ लावून. बेरीज केली तर बरोबर २१ दिवस होतात, म्हणजे कोर्स संपतो तोवर पुढचा माज येतोच.

मुळा गाय आवडीनं खाती, शेवग्याचंही काही वाटत नाही. कोरफडीला मात्र तोंड फिरवती, कापल्यावर पिवळा चीक निघतो तो कडू जहर, म्हणून पानाचे बोटभर तुकडे करून एकेक तुकडा गुळात घोळवून हातानं चारावा लागतो. कांडवेल तर कापतानाच हात खाजवतात, हाताला गोडं तेल लावून घ्या, आणि उखळात ठेचून गुळात नीट मळून द्या, नाहीतर तिच्या तोंडाला खाज सुटती आणि दुसऱ्या दिवशी ती जवळ येऊ देत नाही. आमच्या आईनं ठेचलेल्या कांडवेलीत ज्वारीचं पीठ घालून लाडू केले ते तिनं गपगुमान खाल्ले.

रिझल्ट चांगला आला. जी क्रॉस गाय सारखी उलटत होती तिला कोर्स संपता संपता माज आला, सोट (माजात गळणारा चिकट स्राव) अंड्याच्या बलकासारखा नाही तर वरच्या पांढऱ्यासारखा एकदम साफ, सकाळी माज दिसला म्हणून संध्याकाळी भरवली आणि पुढं तपासणीत गाभण निघाली. गूळ सोडला तर खिशातून काही गेलं नाही. नाही राहिली तर कोर्स अजून एकदा करता येतो.

पण एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो, कोर्सच्या आधी डॉक्टरचा हात घालून तपासणी झालीच पाहिजे. सोटात पू दिसत असेल, वास येत असेल तर तो गर्भाशयाचा इन्फेक्शनचा मामला आहे, तिथं कोरफड पुरत नाही. आणि गाय आधीच गाभण असेल तर कोरफड-बिरफड देऊन भलतंच होईल, गाभण गाय पण कधीकधी माज दाखवती. जार १२ तासांत पडला नाही तर १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरला फोन करा, ओढून काढू नका आणि उघड्या हातानं तर नाहीच, ब्रुसेला (गाई गाभडवणारा जंतूचा रोग) असला तर माणसाला पण लागतो.

दुसरं म्हणजे खाणं. आपल्याकडं उन्हाळ्यात कारखान्याच्या उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) आणून टाकतात, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, त्यात व्याल्यावर दुधाला ताकद जाती, गाय हाडकती आणि माज बंद होतो, मग कुठलाही पाला चारून काय होणार. मिनरल मिक्श्चर रोज द्या, मुरघास नाहीतर कडबा मिसळा. मे महिन्यात ४२ डिग्रीत तर माज मुका जातो, म्हणजे गाय हंबरत नाही, खुणा दाखवत नाही, रात्री नाहीतर पहाटे गोठ्यात चक्कर मारल्याशिवाय दिसत नाही. आमची देवणी या सगळ्यात क्रॉसपेक्षा कणखर, तिला अजून असलं काही लागलं नाही.

मार्क द्यायचे तर कोर्सला पाचपैकी साडेचार, अर्धा कांडवेल मिळवायच्या त्रासासाठी कापला. बाटलीला तीन, आणि ते पण व्याल्यावर लगेच दिली तर. कांडवेल गावात नसेल तर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजकडं कुणी जाणार असेल तर त्यांना विचारा, नाहीतर भूमकडं येणं झालं तर आमच्या कुंपणावरची न्या, दोन कांडी रोवली तरी फुटती, पाणी पण लई लागत नाही.