डिमेन्शिया: गावाला शिकवायचं की त्या माणसालाच विचारायचं?

डिमेन्शिया म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू हरवत नेणारा विकार. तो असलेल्यांना सामावून घेणारं गाव घडवायच्या दोन वाटा मला दिसतात.

जपानने २००५ पासून आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवलं. साधारण दीड तासाचा वर्ग. त्यात बँकेतले कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुलंसुद्धा. असे ‘सपोर्टर’ आज एक कोटीहून जास्त आहेत. वाट चुकलेल्या आजोबांशी समोर येऊन, हळू बोलायचं, एवढं कळलं तरी मोठा आधार होतो.

स्कॉटलंडमध्ये २००२ साली सुरू झालेल्या ‘स्कॉटिश डिमेन्शिया वर्किंग ग्रुप’चे सदस्य मात्र स्वतः निदान झालेले. सरकारपुढे तेच बोलतात. फरक इथेच पडतो. डिमेन्शियात दारातलं काळं पायपुसणं कुणाला खड्डा वाटतं, चकचकीत फरशी ओली वाटते. हे दीड तासाच्या वर्गात किती कळणार? ज्याचं पाऊल तिथे अडतं, त्यालाच ठाऊक. ज्यांचं बोलणंच हरवलंय ते मात्र याही वाटेवर मागे राहतात, हे मला सलतं.

तरी निवडायचं झालं तर मी स्कॉटलंडचीच वाट धरीन. जपाननेही २०२३ च्या कायद्यात या लोकांच्या मताला जागा दिली. आपल्याकडे अजून ‘त्यांना काय कळतंय’ हे त्यांच्यासमोरच म्हटलं जातं.