लोखंडी कूलरला हनीकॉम्ब पॅड : साडेतीन महिन्यांच्या वापरानंतर

कूलर : पत्र्याचा, जुना, तीन बाजूंना ताट्या, १८ इंची एक्झॉस्ट पंखा. घर : नागपूरच्या महाल भागातलं, वर टिनाचं छप्पर, वायरिंग दोन तारांचं (अर्थिंगची तार नाही). वापर : मार्चची सुरुवात ते जूनचा मध्य, रोज दहा-बारा तास. बदल : घासेच्या ताट्या काढून १०० मिलिमीटर जाडीचे हनीकॉम्ब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या तिरप्या नळ्यांचे कागदी पॅड).

आधी निकाल. पॅड चांगले आहेत, पण नुसते पॅड बदलून पैसे वसूल होत नाहीत. पाणी सारखं पसरत नसेल आणि खोलीतून हवा बाहेर जायला वाट नसेल, तर स्वस्तातली घास आणि महागडा पॅड यांत फारसा फरक उरत नाही. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला पॅड विकायचे असतात.

कूलरकडून किती अपेक्षा ठेवायची ते हवेवर ठरतं. मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २३ दाखवतो. मधला फरक २१ अंशांचा. नीट भिजलेला पॅड त्यातला पाऊण हिस्सा कापतो, म्हणजे तोंडाशी हवा २८ च्या आसपास येते. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना हा फरक चारवर येतो आणि कूलर फार तर तीन अंश उतरवतो. पाऊस सुरू झाल्यावर ‘पॅड बिघडला’ म्हणून तक्रार करणाऱ्यांनी एवढं गणित करून पाहावं.

आता बसवणं. घासेची चौकट दीड-दोन इंच खोल असते, त्यात चार इंची पॅड मावत नाही. तो आतल्या बाजूला येतो, म्हणून पंख्याच्या पात्यापासून किमान सहा इंच अंतर राहतंय का ते आधी मोजा. बाजूंना फट राहिली तर हवा सोपी वाट धरते आणि गरमच आत येते. ती फट फोमच्या पट्टीने बुजवावी. पॅडच्या दोन्ही दिशांच्या नळ्यांचा कोन सारखा नसेल (४५ आणि १५ अंश), तर जास्त तिरपी नळी बाहेरच्या बाजूला उतरती हवी. हवा आत ओढली जाताना पाण्यालाही आत ढकलते आणि हा उतार ते परत बाहेर खेचतो. उलटा बसवला की पंख्यातून शिंतोडे येतात. आमच्याकडे मिस्त्रीने एक बाजू उलटीच लावली होती.

सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या वाटपावर घालवावा. १०० मिलिमीटर पॅडला लांबीच्या दर मीटरमागे मिनिटाला सुमारे सहा लिटर पाणी लागतं. साठ सेंटिमीटरच्या तीन बाजू म्हणजे मिनिटाला ११ लिटर. १८ वॉटच्या पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, वर चढवताना तो खूप घटतो. तपासणी सोपी आहे : नळीचं तोंड पॅडच्या वरच्या कडेइतकं उंच धरा आणि १५ लिटरची बादली भरा. ८० सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ४० वॉटचा पंप घ्या. जुन्या पत्र्याच्या पन्हळीऐवजी पाऊण इंची पीव्हीसी नळी टाकावी, दर दोन इंचांवर तीन मिलिमीटरचं भोक, तोंड वर, त्यावर अर्धी चिरलेली मोठी नळी पालथी. भोकं खाली ठेवली की गाळाने बुजतात. अर्धा इंची नळी घेऊ नये. सगळ्या भोकांचं क्षेत्रफळ नळीच्या पोटापेक्षा जास्त झालं, तर पाणी पहिल्या काही भोकांतूनच संपतं आणि टोकाकडचा पॅड कोरडा राहतो. टोकांना फिरकीची टोपणं ठेवा, साफसफाईला बरं पडतं.

खोलीचं म्हणाल तर २००० सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा फेकणाऱ्या) कूलरला समोरच्या बाजूला किमान चार चौरस फूट उघडी जागा हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणाऱ्या घरात तासाभरात चादरी दमट होतात.

विजेबद्दल मात्र तडजोड नको. पत्र्याच्या कूलरच्या शॉकने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात, आणि महावितरण दरवर्षी तेच बजावते. दोन तारांच्या वायरिंगमध्ये काही वायरमन सॉकेटमधली अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. न्यूट्रल कुठे तुटला, तर कूलरच्या अंगात सरळ फेज उतरतो. वेगळं अर्थिंग करून घ्या, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). पंपाच्या वायरचा जोड टाकीत नको, आणि पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, कूलरची पिन सॉकेटमधून काढायचीच. मोटर गुणगुणते पण फिरत नसेल तर आधी कंडेन्सर पाहावा. नवा घेताना जुन्यावर छापलेलाच मायक्रोफॅरडचा आकडा घ्यावा. पातं हाताने फिरवून जड लागलं तर दोष बुशचा (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीचा).

बोअरचं पाणी हा पॅडचा खरा शत्रू. भर मेमध्ये तासाला १५ लिटर सहज उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात आणि पॅडच्या बाहेरच्या कडेवर पांढरी खपली धरते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती काथ्याने घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून कोरडी राहतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. रात्री कूलर बंद करताना पंप आधी थांबवून पंखा २० मिनिटं चालू ठेवला तर पॅडला कुबट वास येत नाही. पॅडवर तारेचा ब्रश कधीच मारू नये, कागदच आहे तो.

घासेपेक्षा किंमत तिपटीहून जास्त पडली. घास मात्र दर मोसमाला बदलावी लागते, आणि मेअखेर ती खाली बसून वरची चार बोटं जागा उघडी पडते. पॅड अजून ताठ आहेत, पण बोअरच्या पाण्याने धरलेली खपली पाहता तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकतील असं वाटत नाही. जूनमध्ये पॅड काढून सावलीत वाळवले, उभे ठेवले. टाकीचा गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर डांबराचा एक हात अजून बाकी आहे.