क्लचची घरघर, नवा सेट आणि पसरणी घाटातले आठ महिने

क्लच सेट बदलून आठ महिने झाले आणि गाडी सहा हजार किलोमीटरच्या वर पळाली. नवा क्लच पहिल्या आठवड्यात कुणालाही लोण्यासारखाच वाटतो, म्हणून लिहायला मुद्दाम थांबले होते. मे महिन्याची पर्यटकांची गर्दी आणि अर्धा पावसाळा घाटातून काढल्यावर आता लिहिते आहे.

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, केबलवर चालणारा क्लच. मी राहते वाईत आणि शाळा पाचगणीला. रोज पसरणी घाट एकदा चढायचा, एकदा उतरायचा. महिन्यातून एखादी पुण्याची फेरी. शनिवार-रविवारी घाटात पुढे टुरिस्ट बस असली की गाडी चढावर मुंगीच्या पावलांनी सरकत राहते. असं असूनही मूळचा क्लच ८१,००० किलोमीटर टिकला, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी तक्रार काहीच नाही.

आवाज सुरू झाला ऑगस्टमध्ये. रस्त्यावर तो कळलाच नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती आहेत, तिथे सकाळी खिडकी उघडी ठेवून गाडी काढताना तो भिंतीवर आपटून परत आला. क्लच दाबला की कोरड्या फरशीवर वाळू घासल्यासारखी घरघर, सोडला की बंद. शिवाय पेडल खाली जाताना एक बारीक 'कुईं' व्हायचं. मी हे दोन्ही मिळून एकच आवाज समजत होते आणि माझे पहिले पैसे गेले ते त्यामुळेच.

पहिल्या गॅरेजमध्ये "क्लचमधून आवाज येतोय" एवढंच सांगितलं. त्यांनी क्लच वायर (म्हणजे क्लचची केबल) बदलली, ९०० रुपये घेतले. पेडल हलकं झालं हे खरं, पण घरघर तशीच. नंतर एका सर्व्हिस सेंटरवर गेले. तिथे बॉनेटही न उघडता १४,५०० रुपयांचा अंदाज लिहून हातात दिला. कशामुळे आवाज येतोय, असं विचारलं तर "क्लच ओव्हरहॉल करावा लागेल" हे उत्तर. ते पुढे खरंही ठरलं असतं, पण न ऐकता सांगितलेलं निदान मला पटलं नाही.

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी वाईतल्याच एका जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे पाठवलं. काकांनी आधी मलाच ड्रायव्हर सीटवर बसवलं. म्हणाले, "मॅडम, आवाज कुठनं येतोय ते मी बघतो. कधी येतोय ते तुम्ही सांगायचं."

पुढची दहा मिनिटं या सगळ्या खर्चातली सर्वांत मोलाची होती. ती एकही पैसा न देता कुणालाही घरासमोर करता येतात, म्हणून सविस्तर सांगते.

आधी इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा सावकाश दाबायला सांगितलं. 'कुईं' आलं. इंजिन बंद असताना क्लचमधलं काहीच फिरत नाही, त्यामुळे हा आवाज नुसत्या हलणाऱ्या भागांचा: पेडलची पिन, तिचं बुश, वायर किंवा फोर्कचा (वायरनं ओढला जाऊन क्लच सोडवणाऱ्या दांड्याचा) सांधा. काकांनी डॅशबोर्डखाली आडवं होऊन पेडलच्या पिनेला ग्रीस लावलं आणि 'कुईं' तिथल्या तिथे संपलं.

मग हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू. पाय क्लचवरून पूर्ण काढून मिनिटभर नुसतं ऐकलं. आवाज नाही. मग पेडल हळूहळू खाली. सुरुवातीचा मोकळा भाग संपून पायाला वजन लागलं आणि घरघर सुरू झाली. पूर्ण दाबल्यावर वाढली. पाय उचलला की गायब. काकांनी तेवढ्यात एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक गिअर बॉक्सच्या घंटेसारख्या पुढच्या भागावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग मला उतरवून, हेल्परला पेडलवर बसवून तेच मला ऐकवलं. डॉक्टरांच्या नळीतून ऐकावं तसं स्वच्छ: आत कुणीतरी दाणे भरडतंय.

हे असं का होतं, हे समजलं की आवाज ओळखणं सोपं जातं. न्यूट्रलमध्ये पाय वर असताना क्लच जोडलेला असतो. गिअर बॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद आत नेणारा दांडा) इंजिनबरोबर फिरत असतो आणि केबल नीट लावलेली असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) निवांत असतं. पेडल दाबलं की उलटं होतं. रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) बोटांवर जाऊन टेकतं आणि इंजिनच्या वेगानं फिरायला लागतं, तर इनपुट शाफ्ट थांबतो. म्हणून दाबल्यावर येणारा आवाज बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगचा आणि सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबणारा आवाज गिअर बॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. पहिला असेल तर क्लचचं काम, दुसरा असेल तर गिअर बॉक्स खोलावा लागतो, आणि दोन्ही खर्चांत बराच फरक आहे. हायड्रॉलिक क्लचच्या, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर क्लच चालणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत मात्र बेअरिंग बोटांना कायम टेकलेलंच असतं, तिथे हा हिशेब इतका स्वच्छ लागत नाही.

क्लच घसरतोय का, तेही पाहिलं. घाटाच्या पहिल्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज चढून गाडीचा वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरतेय. माझी अजून घसरत नव्हती.

तरीही मी पूर्ण सेट बदलला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. बेअरिंग एकटं बदललं असतं तर सामानाचे बरेच पैसे वाचले असते. पण तिथपर्यंत पोचायला दोन्ही एक्सल काढून गिअर बॉक्स खाली उतरवावाच लागतो, मजुरी तेवढीच. ऐंशी हजार चाललेली प्लेट पुन्हा आत घालून वर्षभरात तीच मजुरी परत देणं मला अजिबात शहाणपणाचं वाटत नाही.

गिअर बॉक्स उतरवला त्या दिवशी मी सुट्टी घेऊन तिथेच थांबले होते. काकांनी जुनं बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि फिरवून बघायला सांगितलं. नवं बेअरिंग जड, सलग फिरतं, आवाज नाही. जुनं बोटाच्या टिचकीनं भिरभिरलं आणि सुक्या खोबऱ्याच्या किसणीसारखं खरखरलं. आतलं ग्रीस जळून कोरडी तपकिरी पूड झाली होती. प्रेशर प्लेटच्या बोटांची टोकं बेअरिंग घासून घासून आरशासारखी चकाकत होती आणि नख फिरवलं तर चर लागत होती. प्लेटवर रिव्हेटच्या डोक्यांच्या वर जेमतेम नखाच्या जाडीएवढं अस्तर उरलं होतं. बेअरिंगनं आधी हाक मारली, एवढंच. प्लेटही वाटेवरच होती.

क्रँकच्या मागच्या ऑइल सीलभोवती ओल दिसली, म्हणून ते आणि गिअर बॉक्सचं इनपुट सील, दोन्ही बदलली. फ्लायव्हीलवर (इंजिनबरोबर फिरणारं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) खोल चरे किंवा तडे नव्हते, त्यामुळे लेथवर न पाठवता पॉलिश पेपरनं चमक मोडून, पुसून तसंच ठेवलं.

जोडताना पाहिलेल्या दोन-तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. हेल्परनं सवयीनं नवं बेअरिंग डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवायला घेतलं, तेव्हा काका ओरडलेच. हे बेअरिंग सीलबंद असतं, आत कारखान्यातलं ग्रीस भरलेलं असतं. ते धुतलं तर नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच म्हातारं होतं. इनपुट शाफ्टच्या खाचांना त्यांनी ग्रीसचा नुसता हात फिरवला आणि जास्तीचं पुसून काढलं, कारण तिथलं उरलेलं ग्रीस फिरताना उडून प्लेटवर बसतं आणि मग क्लच धरताना गाडी थरथरते. प्लेट मधोमध बसवायला डमी शाफ्ट (इनपुट शाफ्टच्या मापाचा तात्पुरता दांडा) वापरला, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले आणि गिअर बॉक्स चढवताना त्याचं वजन एक क्षणही प्लेटवर लटकू दिलं नाही.

खर्च असा: सेट ४,८५०, दोन सील ५६०, गिअर ऑइल ९०० आणि मजुरी ३,२००. एकूण ९,५१० रुपये.

आता आठ महिन्यांबद्दल. घरघर पहिल्याच दिवशी गेली, ती परत आलेली नाही. पेडल आधीपेक्षा कितीतरी हलकं आहे. पूर्वी घाटातली कोंडी पार करून शाळेत पोचले की डावा गुडघा ठणकायचा, तो ठणकत नाही. क्लच आता पेडलच्या साधारण मध्यावर धरतो. जुना अगदी वर येऊन धरायचा. याची सवय व्हायला चार दिवस लागले. पहिले सातशे-आठशे किलोमीटर काकांनी सांगितल्याप्रमाणे चढावर जोर न लावता काढले.

पावसाळ्यात एक गोष्ट जाणवली. पाचगणीत धुक्यात दिवसभर उभी राहिलेली गाडी संध्याकाळी काढताना पहिल्या एक-दोन वेळी क्लच सोडताना हलकीशी थरथर होते आणि मग जाते. प्लेटवर आणि फ्लायव्हीलवर ओल बसते त्याचा हा परिणाम. गाडी तापल्यावरही थरथर राहिली असती तर तेल लागलंय का किंवा इंजिनचं माउंटिंग गेलंय का, ते बघावं लागलं असतं.

माझी एक चूक मात्र राहिली आहे. गिअर बॉक्स खाली होता तेव्हा काकांनी इनपुट शाफ्ट हातानं हलवून दाखवला होता. "थोडा प्ले आहे, म्हणजे ढिला आहे, इथलं बेअरिंग आत्ताच टाकून घेऊ," असं म्हणाले. त्यासाठी गिअर बॉक्स पूर्ण खोलावा लागणार होता, खर्च वाढत होता, मी नको म्हटलं. सहाव्या महिन्यापासून न्यूट्रलमध्ये, पाय वर असताना बारीक 'सूंऽऽ' ऐकू येतं. क्लच दाबला की थांबतं. म्हणजे बरोबर आधीच्या उलट. काकांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं आणि वाढेपर्यंत चालवा म्हणाले. गिअर सगळे नीट पडतात, गिअर ऑइलची पातळी ठीक आहे, त्यामुळे मी ते सध्या तसंच ठेवलंय. पण गिअर बॉक्स खाली असताना मेकॅनिक असं काही हातानं हलवून दाखवत असेल, तर त्या वेळी पैशांची ओढाताण करूनही ते काम करून घ्या, असं मी आता कुणालाही सांगेन.

सवयही बदलावी लागली. कोंडीत मी क्लच दाबून, पहिला गिअर टाकून उभी राहायचे. इंजिन आयडलला मिनिटाला ८०० च्या आसपास फिरतं, म्हणजे तेवढा वेळ बेअरिंगही त्याच वेगानं, बोटांच्या दाबाखाली फिरत राहतं. आता थांबले की न्यूट्रल आणि हँडब्रेक. चढावर गाडी क्लचवर तोलून धरणं पूर्ण बंद केलं. चालू गाडीत पाय पेडलवर ठेवायचा नाही, शेजारच्या पट्टीवर ठेवायचा, याला खरंच महिना लागला.

गेल्या रविवारी पेडलची मोकळी चाल, म्हणजे पायाला वजन लागेपर्यंतचा भाग, पट्टी लावून मोजली. बसवताना २० मिलिमीटर होती, आता १४ भरली. अस्तर झिजतं तशी ती कमी होत जाते आणि शून्यावर आली की बेअरिंग कायम टेकून फिरायला लागतं. केबलचा नट तीन आटे सैल केला, पुन्हा मोजलं, १९ भरली.