लोशन म्हणून आणलं, निघालं पाणी

तोक्योत निशी-कासाईच्या दुकानातून ‘लोशन’ वाचून बाटली उचलली. घरी तळहातावर ओतली, तर सगळं बोटांच्या फटीतून बेसिनमध्ये! जपानात लोशन म्हणजे चेहऱ्याला थोपटायचं पातळ पाणी, हे पाच वर्षं राहूनही मला ठाऊक नव्हतं.

बाटलीतलं हे पाणी आंबवलेल्या सोयादुधाचं. हे सांगितल्यावर आईने व्हिडिओ कॉलवरच नाक मुरडलं, “नात्तोसारखी घाण येत असेल.” (नात्तो म्हणजे आंबवलेलं, उग्र वासाचं जपानी सोयाबीन.) नाही गं. सोयादुधाला लॅक्टोबॅसिलसचं विरजण लावून गाळून घेतात. चक्का टांगल्यावर गळतं तसलंच पाणी. आंबवताना सोयातल्या आयसोफ्लेवोन नावाच्या घटकाला चिकटलेली साखर सुटते, हा त्यामागचा खटाटोप. वास जवळजवळ नाहीच.

हीटरमुळे माझे गाल ओढल्यासारखे होतात. आंघोळीनंतर ओलसर चेहऱ्यावर दोनदा थोपटलं की बरं वाटतं, पण वर क्रीम हवंच. वांगाचे डाग मात्र तीन महिन्यांनीही होते तिथेच. झाकणाशी दर वेळी थेंब ओघळतो, त्याचा वैताग वेगळाच.

आता रिफिलचं पाकीट आणते, स्वस्त पडतं. सोयाची ॲलर्जी असेल तर या भानगडीत पडूच नका.