‘तुम्हाला माहीतच आहे, सिस्टर’ : एका खासगी रुग्णालयातील चार दिवस

मानांकन : पाचपैकी साडेतीन तारे

पुण्यातील शंभरएक खाटांच्या एका खासगी रुग्णालयात गेल्या पावसाळ्यात माझ्या पित्ताशयावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. मी स्वतः बावीस वर्षे परिचारिका आहे आणि त्यातली अठरा वर्षे नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत गेली आहेत. हे आधीच सांगितले पाहिजे, कारण पुढचे बहुतेक सगळे त्यामुळेच घडले.

सर्जनच्या हाताविषयी माझी काहीही तक्रार नाही. चार लहान जखमा, त्यांपैकी एकही चिघळली नाही, आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या पायांनी स्नानगृहापर्यंत गेले. तक्रार आहे ती बोलण्याविषयी. पहिल्या भेटीत माझ्या आधी आत गेलेल्या आजोबांना त्यांनी कागदावर यकृत, पित्ताशय आणि पित्तनलिका काढून दाखवल्याचे अर्धवट उघड्या दारातून मला ऐकू येत होते. माझी पाळी आली, मी कुठे काम करते ते त्यांनी विचारले, आणि उत्तर ऐकताच हातातले पेन खाली ठेवून ते म्हणाले, “मग तुम्हाला माहीतच आहे, सिस्टर.” एक किलो वजनाच्या बाळाला औषधाचा डोस मिलिलिटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजून देणाऱ्या बाईने मोठ्या माणसाचे पित्ताशय शेवटचे पाहिले ते शिकत असताना, हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि मीही ते सांगितले नाही. मी मान डोलावली. राउंडच्या वेळी हातात फाइल घेऊन डॉक्टरांच्या मागे उभे राहायचे आणि शंका असली तर ती नंतर, बाजूला, हळूच विचारायची, ही सवय गणवेशाबरोबर उतरत नाही.

संमतिपत्रावर मी दोन मिनिटांत सही केली. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावरच रुग्णाची संमती खरी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्येच स्पष्ट केले आहे, आणि नातेवाइकांच्या सह्या घेताना मीही कित्येकदा हे बजावले आहे. दुर्बिणीतून जमले नाही तर पोट उघडावे लागेल, हे वाक्य मात्र मी घरी परतल्यावर त्या कागदाच्या प्रतीत पहिल्यांदा नीट वाचले.

याला अपवाद ठरल्या त्या भूलतज्ज्ञ मॅडम. त्यांनीही माझा व्यवसाय विचारला, पण त्यानंतर म्हणाल्या, “आता पाच मिनिटे समजा की तुम्ही बँकेत काम करता.” मग हलणारे दात, छातीतली जळजळ, आधी कधी भूल घेतली होती का, शेवटचा घन आहार आणि शेवटचे पाणी किती वाजता, असे एकेक करून त्यांनी सगळे विचारले आणि जाग येताना घशात कसे वाटेल तेही सांगितले. या रुग्णालयात जायचे असेल तर या मॅडमसाठी जावे, असे मी मैत्रिणींना सांगते.

खरी परीक्षा झाली ती शस्त्रक्रियेच्या रात्री. दोनच्या सुमारास उजवा खांदा असा दुखू लागला की श्वास घेताना कळ मानेपर्यंत जाई. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, हृदय. बेल हाताशी होती आणि मी ती वीस मिनिटे दाबली नाही, कारण संध्याकाळीच मी मोजले होते : त्या मजल्यावर चौदा रुग्ण आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. साध्या रुग्णालयातील सामान्य वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा निकष पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. तो मला पाठ आहे, आणि म्हणूनच बेल दाबणे जिवावर आले. शेवटी दाबली. आलेली मुलगी जेमतेम तेवीस वर्षांची असेल. तिने नाडी आणि रक्तदाब पाहिला, ड्यूटी डॉक्टरांना बोलावून ईसीजी काढून घेतला आणि तो ठीक आल्यावर सांगितले की शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा मागे राहतो आणि छाती व पोट यांमधल्या पडद्याला त्रास देतो. त्या पडद्याची नस मानेतल्या ज्या मुळांतून निघते, त्याच मुळांशी खांद्याची संवेदना जोडलेली असते, म्हणून दुखते खांद्यात. सर्जननी कागदावर दोन रेघा काढल्या असत्या तर ती रात्र मी झोपून काढली असती.

दुसऱ्या दिवशी एका निवासी डॉक्टरांनी “सिस्टर, किती पाणी प्यालात, किती लघवी झाली, तुम्हीच लिहून ठेवा ना,” म्हणून तक्ता माझ्याच हातात दिला. मी तो सुवाच्य अक्षरात भरलासुद्धा, आणि संपत आलेले सलाईनही स्वतःच बंद केले. नवरा वैतागून म्हणाला, “अगं, तू पेशंट आहेस.”

बाकीचे थोडक्यात. खोली स्वच्छ, मावशी प्रेमळ, जेवण बेचव पण वेळेवर. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. आम्ही पावणेपाच तास गादीच्या कडेवर बसून होतो.

दहाव्या दिवशी टाके दाखवायला गेले तेव्हा सर्जननी काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल पाकिटासकट पुढे केला : “वाचून घ्या, तुम्हाला कळेलच.” मी पाकीट त्यांच्या टेबलावर परत ठेवले आणि म्हणाले, “सर, हा तुम्हीच वाचून दाखवा. मी बाळांची सिस्टर आहे, यातले मला कळत नाही.” ते क्षणभर थांबले, मग त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले : जुनाट सूज, खडे, कर्करोगाची चिन्हे नाहीत. तेलकट कधीपासून खायचे, जड वजन कधी उचलायचे, पोट बिघडले तर किती दिवस वाट पाहायची, हे सगळे मी विचारले आणि त्यांनी न कंटाळता सांगितले. बाहेर येईपर्यंत पुढच्या रुग्णाची वेळ टळून गेली होती आणि रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे रागाने पाहत होती.