३६,३०० रुपयांचा ‘ओके टेस्टेड’ रिसीव्हर

जुना स्टिरीओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, घेताना कसा फसलो ते लिहू की नको असं तीन आठवडे चाललं होतं. बायको म्हणते कशाला स्वतःची शोभा करून घेताय. पण परवा त्याच फोटोची जाहिरात परत दिसली, तोच लाल गालिचा, व्हॉल्यूमच्या नॉबखाली तोच ओरखडा, फक्त गाव पुणे आणि नाव दुसरं. म्हटलं, शोभा गेली खड्ड्यात.

आधीच सांगून टाकतो, मी नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, २२ वर्षं. म्हणजे वीज या विषयात मला फसवणं अवघड असायला हवं होतं. हसा.

झालं असं की बोनसमधून सेनहायझरचे एचडी ६५० घेतले. ३०० ओहमचे हेडफोन, म्हणजे विजेला अडथळा जास्त. मोबाईलला लावले की आवाज येतो, पण आवाजात जीव नाही, तबला ऐकला तर डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखा. त्यांना व्होल्टेज लागतं आणि ते मोबाईल देत नाही. मग वाचत गेलो की सत्तरच्या दशकातले जे मोठे स्टिरीओ रिसीव्हर होते, मारांट्झ, पायोनियर, सान्सुई, केनवूड, त्यांच्या हेडफोनच्या भोकात असे हेडफोन फार छान वाजतात. आणि हे खोटं नाही बरं का, इथेच तर मेख आहे. त्या काळात हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवायची पद्धत फारशी नव्हती, स्पीकरचाच आउटपुट काहीशे ओहमच्या रेझिस्टरमधून जॅकला आणून द्यायचे. त्यामुळे ३२ ओहमचे साधे हेडफोन लावले की बेस फुगून सगळा चिखल होतो, पण ३०० किंवा ६०० ओहमच्यांना भरपूर व्होल्टेज मिळतं, बेस किंचित वर उचलला जातो आणि कानाला गोड लागतं. प्लेनर जातीच्या हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे तो ओहमचा अडथळा, सगळ्या सुरांना सारखाच असतो म्हणून त्यांच्या आवाजाचा तोलही बिघडत नाही. म्हणजे माल खरा, गुण खरे. विकणारा तेवढा चोर.

जाहिरात होती पायोनियर एसएक्स-७८० ची. १९७८ चं मॉडेल, चॅनेलला ४५ वॉट, लाकडी दिसणारी पेटी, दोन पॉवर मीटर. ‘फुल सर्व्हिस, सगळे कंडेन्सर नवीन, २३० व्होल्टवर कन्व्हर्ट केलेला’ असं लिहिलेलं. सांगितले ३८,०००, तुटले ३४,५०० ला, त्यात म्हणे ४,००० कन्व्हर्जनचेच आहेत. मग दुसरं गिऱ्हाईक मालेगावहून निघालंय, टोकन टाका, वगैरे जे होतं ते सगळं झालं, तुम्हाला माहितीये, सांगत बसत नाही. गुरुवारी ५,००० यूपीआयने टाकले.

रविवारी पाथर्डी फाट्याला त्याच्या फ्लॅटवर गेलो. तिशीतला पोरगा, चहा दिला, ‘काका, बिनधास्त हवं तेवढं ऐका’ म्हणाला. मी स्वतःचे हेडफोन नेले होते, माझ्याच फोनमधलं तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. आणि तो डग्गा आला ना. घुमारा असा कानाच्या मागून आला की मी दोन मिनिटं काही बोललोच नाही, डायलवरचा पिवळसर उजेड बघत बसलो. माझी अक्कल त्या दोन मिनिटांत गेली, ती परत आली थेट भद्रकालीत.

आता तो क्षण. टीव्हीच्या कपाटामागून बारीक गुंगुं आवाज येत होता. आमच्या शॉपमध्ये असा आवाज आला तर मी जेवण सोडून उठतो. विचारलं, हे काय गुणगुणतंय? तर म्हणाला, ‘स्टॅबिलायझर आहे काका, आमच्याकडे लाइटचा काही भरवसा नाही.’ आणि मी काय केलं, तर मान हलवली आणि वर त्यालाच सांगत बसलो की आमच्याकडे पण रात्री २५० च्या वर जातं! तो स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर होता. सेट ११०-१२० वर चालत होता.

आणि दुसरं, जे आठवलं की रात्री तीनला जाग येते. मी सेट उचलून मागची बाजू बघितली होती. बघितली होती! स्पीकरचे टर्मिनल, अँटेनाचे स्क्रू, सगळं बघितलं, आणि वायर जिथे आत जाते त्याच्या शेजारी एक पांढरा स्टिकर होता, ‘सर्व्हिस्ड – ओके टेस्टेड’, खाली निळ्या पेनाने सही. मला उलट बरं वाटलं, पोरगा व्यवस्थित काम करतो म्हणून. स्टिकरचा एक कोपरा थोडा सुटलेला होता, त्याच्याखाली नख घातलं पण होतं मी. मग वाटलं दुसऱ्याच्या घरात बसून काय खरवडायचं, बरं दिसत नाही. त्या स्टिकरखाली छापलेलं होतं, एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येक अ‍ॅप्रेंटिसला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, नेमप्लेट वाचल्याशिवाय मोटर जोडायची नाही. नखाखाली नेमप्लेट होती आणि मी शिष्टाचार पाळत बसलो.

स्वतःची बाजू घेतोय असं वाटेल, पण तुम्ही तरी काय केलं असतं? समोर चालू सेट, स्वतःच्या कानाने ऐकलेला, वायरला आपला तीन पिनांचा नवाकोरा टॉप. जुन्या सेटला असा टॉप बघितला की माणूस धरूनच चालतो की कन्व्हर्ट झालाय.

९,५०० यूपीआयने दिले, २०,००० रोख. रोखीचं कारण काय तर ‘भावाच्या अकाउंटला लिमिट आहे’. शिवाय मुलीच्या ३२ ओहमच्या हेडफोनसाठी एक ‘इम्पिडन्स मॅचिंग अडॅप्टर’ गळ्यात मारला, १,८०० रुपये, तेही रोख. एकूण ३६,३००. बिल मागितलं तर हसून म्हणाला, काका, जुन्या वस्तूचं कुठे बिल असतं.

घरी आणला, हॉलमधल्या शोकेसवर ठेवला, हेडफोन जोडून ठेवले आणि बटण दाबलं. तीन-चार सेकंद. डायलचा उजेड पिवळ्याचा पांढराफेक झाला, आतून जाड घर्र आवाज आला, मग फट्, आणि सडलेल्या बोंबलासारखा वास घरभर. एमसीबी पडला. नशीब हेडफोन कानाला नव्हते, गळ्यात होते. बायको किचनमधून ओरडली काय जाळलं म्हणून, आणि तिला जे उत्तर दिलं ते मी इथे लिहिणार नाही. पोरगी बारावीला आहे, तिने फक्त दार लावून घेतलं.

मंगळवारी भद्रकालीत एका गल्लीत जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणारे चाचा आहेत त्यांच्याकडे नेला. त्यांनी काही न बोलता आधी स्टिकर नखाने उडवला. एका झटक्यात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘साब, ये तो अमेरिका का है.’ झाकण काढलं तर फ्यूजला तांब्याच्या वायरचा वेढा, म्हणजे जो फ्यूज उडून सेट वाचवू शकला असता तो बिचारा बाद करून ठेवलेला. ‘सगळे नवीन’ कंडेन्सर म्हणजे दोन नवे, बाकी १९७८ चेच, मोठे दोन फुगून फुटलेले. आउटपुटच्या दोन्ही एसटीके-००५०, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या आयसी, गेलेल्या, आणि त्यातली एक आधीच कधीतरी बदललेली, डुप्लिकेट, छपाई पुसट. हा भाग ओरिजिनल मिळणं आता नशिबाची गोष्ट आहे, बाजारात नावाला ढीगभर मिळतात, बहुतेक नकली. ट्रान्सफॉर्मरचं लॅमिनेशन काळं पडलेलं. तपासायचे ५०० घेतले आणि म्हणाले, पैसे घालू नका. अडॅप्टरही फोडला त्यांनी. आत काहीच नाही, रस्त्यावर साठ रुपयाला मिळतो तो.

आउटपुट उडताना जॅकवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, आला असणार, कारण हेडफोनची डावी बाजू तेव्हापासून मुकी आहे. नवीन ड्रायव्हरचे, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचे, ६,८०० सांगितलेत. म्हणजे धरा, ३६,३०० अधिक ५०० अधिक ६,८००, ४३,६००. झेरॉक्स आणि पेट्रोल सोडून.

फोन अर्थातच बंद. पाथर्डी फाट्याला गेलो तर फ्लॅटला कुलूप, खालचे म्हणाले दोन महिन्यांसाठी घेतला होता, परवाच गेले. मालकाकडे भाडेकरूची माहिती नाही, आणि मालकाला त्याचं काही वाटतही नाही.

आता पोलीस. आमच्या हद्दीतल्या स्टेशनला गेलो तर हवालदार साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘तुम्ही चालू बघून घेतला ना? मग फसवणूक कुठे?’ मी स्टिकर दाखवला, फोटो दाखवले, फ्यूजचा फोटो दाखवला. ते म्हणाले यूपीआय आहे ना, मग सायबरला जा. सायबरला गेलो, तिथे दीड तास बाकावर, मग एक मॅडम म्हणाल्या, तुम्ही समोरासमोर भेटून पैसे दिलेत, हे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही, लोकलला जा. लोकलला परत. लोकल म्हणतं घटना पाथर्डी फाट्याला घडली, आमची हद्द नाही. मी म्हटलं साहेब, फुटला माझ्या हॉलमध्ये. तर म्हणे पैसे कुठे दिले? पाथर्डी फाट्याच्या बाजूचं स्टेशन म्हणालं हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा, आणि तसंही सगळा स्टाफ कुंभाच्या मीटिंगांत आहे. कुंभाचा आणि माझ्या रिसीव्हरचा काय संबंध ते रामालाच ठाऊक, त्याला विचारायला पंचवटीत जावं लागेल आणि रस्ते खोदलेत.

मी पण घरी बसून वाचलं थोडं. पूर्वीचं ४२० ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आणि हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, झिरो एफआयआर, ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये लिहिलंय. चौथ्या चकरेला हे बोलून दाखवलं. त्याचा फायदा इतकाच झाला की मला खुर्ची मिळाली. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून दिली, तीत ‘पायोनियर कंपनीचा जुना टेप’ असं लिहिलंय. टेप! दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, काय फरक पडतो. बँकेने तर एका ओळीत संपवलं, पिन तुम्ही स्वतः टाकला, डिस्प्यूट होत नाही. सहा चकरा, दोन अर्धे दिवस रजा, आणि हातात टेपची एनसी.

म्हणून जुना सेट बघायला जाल तर तो तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा, नाही म्हणाला की उठा, चहा अर्धा राहिला तरी. मागची पाटी वाचा, तिच्यावर काही चिकटवलं असेल तर खरवडा, बरं दिसत नसेल तर न दिसो. अमेरिकेचा माल १२०, जपानच्या घरचा १०० व्होल्ट, एक्स्पोर्टच्या काही सेटना मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असतो, तो असेल तर कशावर आहे बघा. वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा, भिंतीपर्यंत. मधे काही डबा लागला तर तो बाहेर काढायला लावा. मल्टिमीटर न्या, सेट दहा-पंधरा मिनिटं तापला की स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा, ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर हेडफोन लावू नका. घरी आणल्यावर पहिल्यांदा १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून चालू करा, बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर समजा आत घोळ आहे. हे चाचांनी मला शिकवलं, म्हणजे मला, जो कंपनीत हेच करतो. रोख देऊ नका. नुसतेच ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिल्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर हेल्पलाइनला, फोन लावा, माझ्यासारखं मंगळवारपर्यंत भद्रकालीत फिरू नका. आणि खरं सांगू, फक्त ३०० ओहमचे हेडफोनच वाजवायचे असतील तर आजचा साधा हेडफोन अ‍ॅम्प काम करतो. पण तो डग्गा. असो.

पुण्याच्या जाहिरातीत आता ४१,००० लिहिलंय. भाच्याच्या नंबरवरून मेसेज टाकला, मागच्या बाजूचा जवळून एक फोटो पाठवा. उत्तर लगेच आलं, ‘मागे काय बघायचंय सर, ओके टेस्टेडचा स्टिकर लावलाय ना.’ मी लिहिलं, तो जरा काढून फोटो पाठवा. दोन निळ्या टिका आल्या आणि भाचा ब्लॉक.