देवबाग ते तळपण: पॅडलबोर्डच्या एका हंगामानंतरचा अनुभव

हवा भरून वापरायचा साडेदहा फुटी पॅडलबोर्ड घेतल्यापासून मी तो सिंधुदुर्ग आणि दक्षिण गोव्याच्या पाण्यात सातत्याने वापरत आहे. हा संपूर्ण हंगाम काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, कोकणपट्टीत उभ्याने वल्हवण्याचा खरा आनंद समुद्रापेक्षा खाडीत आहे.

याचे सर्वांत उत्तम उदाहरण म्हणजे मालवणजवळचे देवबाग. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी ही चिंचोळी भूमी असल्यामुळे, समुद्राकडे लाटा फुटत असतानाही नदीच्या अंगाला पाणी शांत असते. मात्र येथे घड्याळाइतकेच भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवावे लागते. भरती लागल्यावर तिच्या ओढीबरोबर तारकर्लीच्या दिशेने आत जावे, पाणी थांबल्यावर थोडी विश्रांती घ्यावी आणि ओहोटी सुरू होताच परत फिरावे, म्हणजे दोन्ही वेळा प्रवाहाची साथ मिळते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने सुट्टीचा दिवस ठरवण्याआधी तिथी पाहण्याची मला सवय लागली आहे. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांत, प्रवाह सौम्य असतो आणि नवशिक्यांनी तेच दिवस निवडावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटी लागलेली असताना, नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे अजिबात जाऊ नये, कारण बाहेर धावणारे पाणी आणि आत येणाऱ्या लाटा तेथे एकमेकांवर आदळतात. शिवाय पर्यटकांच्या मोटरबोटींची वर्दळही त्याच टोकाला अधिक असते.

गोव्यात काणकोणजवळचा पाळोळेचा अर्धचंद्राकृती किनारा हिवाळ्यात, सकाळच्या वेळी, समुद्रावरील सरावासाठी चांगला आहे. तरीही एक गोष्ट आवर्जून सांगतो: सकाळचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे पाणी आरशासारखे दिसत असले तरी बोर्ड नकळत बाहेर सरकत राहतो, म्हणून किनाऱ्यालगतच राहावे. दुपारी खारे वारे सुरू झाले की उभे राहणेही कठीण होते.

तेथून दक्षिणेला तळपण नदीचे मुख मला अधिक भावले. शेजारच्या गालजीबाग किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे त्या वाळूवर बोर्ड ओढत नेणे टाळावे. खडकांवरील कालवांच्या कडा पाय आणि बोर्ड दोन्ही कापतात, तेव्हा पाण्यात चालण्याचे बूट आवश्यक समजावेत. मासेमारीची जाळी दिसताच लांबून वळसा घालावा, कारण ती कुणाच्या तरी रोजीरोटीची साधने आहेत.

साधनाविषयी सांगायचे तर, सुमारे १५ पीएसआय दाब भरल्यावर बोर्ड पुरेसा कडक होतो, पण हातपंपाने शेवटचा टप्पा गाठताना चांगलाच घाम निघतो. घडी करून तो पाठपिशवीत मावत असल्याने कोकण रेल्वेने कुडाळ किंवा काणकोणला नेणे सोपे जाते, आणि हाच त्याचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. प्रवाहात खुंट आणि दोर असतात, म्हणून बोर्डला जोडून ठेवणाऱ्या घोट्याच्या दोरीऐवजी कमरेला बांधायची, ओढताच सुटणारी दोरी मी वापरतो. लाइफ जॅकेट तर प्रत्येक वेळी हवेच. खाऱ्या पाण्यातून आल्यावर बोर्ड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि उन्हात पूर्ण फुगवलेला ठेवू नये, कारण तापलेली हवा जोडांवर ताण आणते. जूनपासून समुद्र खवळलेला आणि खाड्या पुराच्या गढूळ पाण्याने भरलेल्या असल्याने, पावसाळाभर तो सैलसर गुंडाळून घरातच ठेवतो.